बाकाखालचं कापड

ड्रायव्हर पालथा पडून, गाडीतल्या बाकाखाली खांद्यापर्यंत हात घालून, पकडीनं भोकात अडकलेलं कापड ओढत होता. एक टोक हाताला लागलं, सुटलं, परत लागलं. मग ते भसकन आलं आणि त्याच्या मनगटावरून गार चिकट पाणी कोपरापर्यंत ओघळलं. त्या पाण्याला वास होता. रात्रीच्या खरकट्याचा, भांड्याच्या साबणाचा आणि झोपताना चौघांनी भरलेल्या चुळांचा. बेसिनची नळी खाली कुठंतरी गळत होती आणि रात्रभर सगळं इथं येऊन मुरलं होतं.

"शी," तो बाकाखालूनच म्हणाला. "अरे शी, शी, शी."

बाहेर गवतावर तिघं अनवाणी उभी होती. ड्रायव्हरची बायको, तिची थोरली बहीण, आणि त्या थोरलीचा नवरा, म्हणजे ड्रायव्हरचा साडू. साडू धंद्यानं शिंपी. ही कॅरव्हॅन, चाकांवरचं घरच म्हणा, त्याचीच. जुनी घेतलेली, आतून स्वतःच्या हातानं सजवलेली. डोळ्यात मोतीबिंदू उतरल्यापासून त्याला ती चालवता येत नव्हती. ड्रायव्हरचा जन्म बस चालवण्यात गेलेला. म्हणून गाडी शिंप्याची आणि हात ड्रायव्हरचा, असं ठरलं होतं. ठरवलं होतं बायकांनी.

सकाळी झालं असं, की ड्रायव्हरची बायको चहा टाकायला उठली, तिनं लायटर हातात घेतला आणि शेगडीपाशी तशीच थांबली.

"अहो," ती म्हणाली, "वास येतोय."

"तुला कसला ना कसला वास येतोच," ड्रायव्हर पांघरुणातून म्हणाला. "झोपू दे."

पण तिनं लायटर पेटवला नाही. दार सताड उघडून दिलं आणि बहिणीला हलवायला गेली. मग ड्रायव्हर उठून बसला आणि त्यालाही वास आला. गॅस. सगळ्या गाडीत गॅस. चौघं जण रात्रीच्या कपड्यांवर धडपडत बाहेर पडली. ड्रायव्हरनं बाहेरून सिलिंडरचा कॉक बंद केला, खिडक्या उघडल्या, आणि वास पुरता गेल्यावर आत शिरून बघितलं. शेगडीच्या सांध्यापाशी रबरी नळीला चीर गेलेली. ते एक वेळ समजण्यासारखं होतं. नळी म्हटली की चिरणारच कधीतरी. पण गाडीच्या तळाला, त्याच्या स्वतःच्या झोपायच्या बाकाखाली, एक भोक होतं. गॅस जड, तो खाली उतरतो. गळलाच तर तिथून बाहेर पडून जावा म्हणून मुद्दाम पाडलेलं. शेजारी पत्र्याची पट्टी ठोकलेली, त्यावर लाल अक्षरात लिहिलेलं, हे भोक बुजवू नये. आणि भोक बुजवलेलं होतं.

तो सरपटत मागं आला. पकडीच्या तोंडात ते कापड लोंबत होतं. त्याला भाताची शितं चिकटली होती आणि केसांचं एक गुंतवळ. त्यानं ते पायरीवर टाकलं. पडताना त्याचा जो आवाज झाला, तो ऐकून थोरलीनं तोंडाला पदर लावला.

"हे कुणी कोंबलं?"

ड्रायव्हरची बायको खाली बघून पायानं गवत दाबत होती.

"मी विचारतोय, कुणी कोंबलं. आपोआप तर गेलं नसेल. उंदरानं नेलं नसेल."

शिंप्यानं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि परत घातला.

"मी," तो म्हणाला. "खालून वारं येत होतं."

थोरलीनं नवऱ्याकडं बघितलं.

"वारं येत होतं," ड्रायव्हर म्हणाला. "वारं. अरे, ते भोक वारं यायलाच आहे. तिथं लिहिलंय. लाल अक्षरात लिहिलंय. तुझ्या डोळ्यात मोती पडलेत की मेंदूत?"

"चुकलं."

"चुकलं? तिनं लायटर ओढला असता तर चुकलं म्हणायला तोंड राहिलं असतं का? चौघांना गोळा करून एका पिशवीत नेलं असतं. आणि त्यातलं कुठलं कुणाचं, ते पण कळलं नसतं."

"अहो, पुरे," त्याची बायको हळूच म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस."

ती गप्प झाली. एखादा सराईत माणूस दार लावून घेतो, तशी गप्प झाली.

आता ड्रायव्हरचं डोकं फिरलंच होतं. कालचा दिवस त्यानं या गाडीत नाक मुठीत धरून काढला होता. शिंपी सुईत दोरा ओवायच्या आधी तो बोटासकट तोंडात घालून चोखायचा आणि तेच बोट लोणच्याच्या बरणीत घालायचा. जेवायच्या फळीवर बसून पायाची नखं कापायचा. जेवण झालं की कवळी काढून चहाच्या कपात ठेवायचा आणि कुठला कप ते थोड्या वेळानं त्यालाच आठवायचं नाही. ड्रायव्हरनं हे सगळं गिळलं होतं, साडू म्हणून. पण एका गोष्टीचा त्याला उलगडा होत नव्हता, आणि तो झाल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं.

"आणि तो भोंगा का वाजला नाही?" तो म्हणाला. "गॅस झाला की बोंबलणारं यंत्र आहे म्हणाला होतास. काल छाती पुढं काढून सांगत होतास."

"आहे की."

"कुठाय?"

"दाराच्या आत, खाली. भिंतीला."

ड्रायव्हर आत वाकला. भिंतीला, जमिनीपासून वीतभर वर, एक छोटी निळी टोपी होती. मखमलीची. कडेनं पिवळी गोट, आत इलॅस्टिक, मापात अशी की सुरकुती नाही. त्यानं ती ओढून काढली. आत यंत्र होतं आणि त्याचा बारीकसा हिरवा दिवा आपला बिचारा लुकलुकत होता.

"ह्याला टोपी घातलीस तू?"

"त्याचा दिवा रात्री डोळ्यात जातो," शिंपी म्हणाला. "तिला झोप लागत नाही."

"मी नव्हतं सांगितलं शिवायला," थोरली म्हणाली. "मी म्हटलं, काहीतरी करा. ह्यांनी माप घेतलं."

ड्रायव्हरनं वर बघितलं. छताला धुराचं यंत्र असतं, तिथं दुसरी टोपी होती. ही मोठी, झालरीची.

"ती?"

"ती आधीची. फोडणी टाकली की बोंबलायचं. ही बिचारी दचकायची, हातातला झारा पडायचा."

"आग विझवायचा सिलिंडर?"

शिंप्यानं बोट दाखवलं. दाराशेजारी भिंतीला काहीतरी टांगलेलं होतं. काल ड्रायव्हरला ती धुण्याची पिशवी वाटली होती, कारण तिच्या वर शिंप्याच्या दोन चड्ड्या वाळत होत्या. त्यानं चड्ड्या दोन बोटांनी उचलून लांब टाकल्या. खाली कोट होता. चांगला अस्तराचा, पुढं बटणं लावलेला, मानेपाशी हूक. ड्रायव्हर बटणं काढायला लागला. काजं ताजी होती, बटणं घट्ट. एक निघालं, दुसरं निघालं. तिसऱ्याला त्याची नखं घसरायला लागली.

"आग लागल्यावर," तो एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "आधी बटणं काढायची. नाही का? मग हूक. मग ह्याला कोट सांभाळून काढायचा, घडी घालून ठेवायचा. आणि मग विचारायचं, काय बाबा, आता मारतोस का फवारा."

"गंजत होतं," शिंपी म्हणाला.

कोट निघाला. आत सिलिंडर गंजलेलाच होता, आणि त्याच्या चकतीवरचा काटा लाल पट्ट्यात पार खाली झोपलेला, म्हणजे आतून रिकामाच.

"आगीची चादर असते ना रे एक? पेटलेल्या कढईवर टाकायची?"

थोरलीच म्हणाली, "त्यावर इस्त्री करतात हे. फार छान होते म्हणतात. खाली चटका जात नाही."

ड्रायव्हरनं फळीखालून चादर ओढली. तिच्यावर इस्त्रीचे पिवळे ठसे होते, कडा उसवून काचेचे बारीक धागे बाहेर आले होते. ते त्याच्या ओल्या हाताला लागले आणि हात खाजायला लागला. त्यानं चादर टाकली, हात विजारीला पुसला, हाताचा वास घेतला आणि त्याला उमासाच आला. हाताला अजून त्या बाकाखालच्या पाण्याचाच वास होता.

"माझ्या उभ्या जन्मात," तो म्हणाला, "मी डुकरं भरलेला ट्रकसुद्धा ह्यापेक्षा स्वच्छ बघितलाय. आणि डुकरं एकमेकांचा जीव तरी घेत नाहीत. ज्यानं ते भोक बुजवलं ना, त्याला अक्कल नाही, आणि लाजही नाही. असल्या माणसाच्या ताटाला ताट लावून मी बसणार नाही. गाडी परत फिरवतो. संपलं."

पलीकडं, रात्री मुक्कामाला थांबले होते त्या मोकळ्या मैदानावर, कुणीतरी गाडीखाली पाणी मारत होतं.

परत फिरवतो म्हणजे काय, ते चौघांनाही माहीत होतं. दोघी बहिणींना तिसरी एक होती, सगळ्यांत धाकटी. तिनं मनाप्रमाणे लग्न केलं तेव्हा घरातून एकही माणूस गेलं नाही. ह्या दोघीही गेल्या नाहीत. मग धाकटीनं ह्यांचं नाव टाकलं. किती वर्षं फोन केला की पलीकडून ठेवून द्यायची. ह्या महिन्यात काय झालं कुणास ठाऊक, तिनं फोन उचलला, ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "आलात तर या. रविवारी मी घरी आहे." तेवढंच. आज रविवार होता. थोरलीला जास्त वेळ नुसतं बसून राहिलं की पाठ धरायची, मध्ये मध्ये आडवं व्हावं लागायचं, म्हणून ही गाडी काढलेली. नाही गेल्या, तर धाकटी परत बोलावणार नव्हती. तेवढं तिचं ह्या दोघींना पुरतं माहीत होतं, कारण तिघी एकाच हाडाच्या.

"ड्रायव्हरसाहेब," थोरली म्हणाली. एरवी ती हे चेष्टेनं म्हणायची. "मग तिला कळवू का, येत नाही म्हणून?"

"कळवा."

थोरलीनं फोन हातात घेतला आणि गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेली. ड्रायव्हरच्या बायकोनं रात्रीची पांघरुणं उचलली आणि वारा लागावा म्हणून कुंपणाकडं नेली. जाताना तिनं पायरीवरच्या त्या कापडाला वळसा घातला. त्याच्याकडं बघितलं नाही.

मैदानाच्या कोपऱ्यात नळ होता. ड्रायव्हर तिथं साबण घेऊन हात धूत बसला. कोपरापर्यंत फेस, धुतला, वास घेतला, परत फेस. शिंपी ते कापड काठीला लटकवून आला आणि नळाच्या मागं कचऱ्याचा डबा होता, तिकडं निघाला. चांगल्या लगबगीनं निघाला होता.

"थांब," ड्रायव्हर म्हणाला. "आण इकडं."

"टाकू दे ना. घाण आहे."

"आण म्हणतो ना."

त्यानं ते नळाखाली धरलं. का, ते त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. अजून राग काढायचा होता आणि हातात काहीतरी हवं होतं. शितं वाहून गेली, केस गेले, काळं पाणी गेलं, मग पिवळट पाणी. कापडाचा रंग वर आला. चौकडी. करड्यावर तपकिरी चौकडी, मऊ, वापरून वापरून विरलेली. त्यानं ते दोन्ही हातांनी पसरलं.

तो त्याचा जुना फ्लॅनेलचा शर्ट होता. म्हणजे शर्टाची पाठ. गुडघे धरले की तो हा गुडघ्याभोवती गुंडाळायचा. काल रात्री त्यानं केवढी कटकट केली होती. तुझ्या बहिणीच्या नवऱ्यानं मला बरोबर भोकावर झोपवलंय, पाय बर्फ झालेत, सकाळी गिअर काय दातांनी टाकू का, असं चांगलं तासभर. आणि मग डुलकीतच कधीतरी पाय गरम झाले होते. मग त्याला झोप लागली होती. गाढ.

तो कापडाची कड बघत राहिला. कड वेडीवाकडी होती, दोरे सुटलेले. हातानं फाडलेली.

"तू कापड फाडतोस?" तो म्हणाला.

"कधी कधी."

"यंत्राला टोपी घालायची तर तू गोट लावतोस."

शिंपी काठीनं माती उकरत राहिला.

"तुझा बाक तर दाराकडं आहे," ड्रायव्हर म्हणाला. "तिथं कुठलं आलंय वारं."

"अरे, सोड ना. नळी आणायचीय, फाटकापाशी दुकान उघडलं असेल. मी जाऊन येतो."

"तुला माहीत होतं?"

"रात्री उठलो होतो, लघवीला. ती खाली बसून कोंबत होती. मला म्हणाली, भाऊजी, ह्यांचे पाय दुखतात." शिंप्यानं काठी टाकली. "मला तरी कुठं माहीत, ते भोक कशाचं. माझीच गाडी आणि मलाच माहीत नाही. मी म्हटलं, कोंब बाई. म्हणजे मीच कोंबलं, एका अर्थी."

ड्रायव्हरनं नळ बंद केला. तो पुरता बंद होईना, थेंब थेंब पडत राहिला.

"मग सकाळी तिनं सांगायचं ना. तुझ्या नावावर कशाला?"

"तिनं कुठं माझ्या नावावर घातलं? मी बोललो."

"का पण?"

शिंप्यानं कवळी जिभेनं आत सारली. ते ड्रायव्हरला एरवी बघवायचं नाही. आत्ता तो बघत राहिला.

"मला काय," शिंपी म्हणाला, "मला तुझ्याबरोबर चारच दिवस काढायचेत."

एवढं बोलून तो फाटकाकडं निघाला, नळी आणायला. पायात चप्पल नव्हती, खडे टोचत होते, म्हणून तिरका तिरका चालत होता. ड्रायव्हर त्याच्या पाठीकडं बघत बसला. मघाशी आपण काय काय बोललो, ते एकेक करून त्याच्या कानाशी परत येत होतं. डुकरं. अक्कल नाही. ताटाला ताट. हे सगळं बोलताना ती तिथंच उभी होती, पायानं गवत दाबत. आणि तू मध्ये बोलू नकोस, हे पण. त्याला परत उमासा आला. त्यानं हाताचा वास घेतला. हाताला साबणाचाच वास होता.

तो उठला. कापड पिळून त्यानं डब्यात टाकलं, खाली दाबलं, वरून कुणाचा तरी कागद सारला. मग गाडीच्या पलीकडं गेला. थोरली फोन हातात धरून उभी होती. पडद्यावर धाकटीचं नाव काढलेलं होतं, पण अंगठा हलत नव्हता.

"करू नका फोन," तो म्हणाला. "नळी बसवली की निघू. दुपार कलेपर्यंत पोचतो."

थोरलीनं त्याच्याकडं बघितलं. "आणि ह्यांच्या टोप्या?"

"त्या राहू देत माझ्याकडं."

कुंपणावर पांघरुणं वाळत घातली होती. ड्रायव्हरची बायको शेवटची चादर झटकत होती, एकटीच, दोन टोकं दोन हातात जेमतेम मावलेली. तो जाऊन तिच्यासमोर उभा राहिला आणि त्यानं खालची दोन टोकं धरली. ती जरा बिचकली. चादर ताणली गेली.

"वास तुला आला," तो म्हणाला. "तू लायटर ओढला नाहीस. म्हणून वाचलो सगळी."

"हं," ती म्हणाली.

त्यांनी चादर एकदा दुमडली. ती जवळ आली, टोकाला टोक लावलं, पण तिनं चादर त्याच्या हातातून घेतली नाही. तशीच उभी राहिली, मान किंचित खाली घालून.

"आणि?" ती म्हणाली.

"आणि काय?"

"पुढचं. बोला ना."

"पुढचं काही नाही. एवढंच."

तिनं मान हलवली. चादर घेतली, घडी केली, हातावर टाकली. पण जागची हलली नाही. त्याच्या तोंडाकडं बघत, नेहमीचा ओरडा कधी येतो त्याची वाट बघत उभी राहिली.